परदेशी मुक्काम हलवताना: कुठली इलेक्ट्रॉनिक वस्तू सोबत न्यायची, कुठली तिथे घ्यायची

सामानाची यादी करायला बसलं की पहिला प्रश्न किमतीचा येतो. लॅपटॉप इथे स्वस्त पडेल की तिथे? प्रश्न रास्त आहे, पण त्याचा नंबर शेवटचा. आधी बघायचं ते हे की ती वस्तू त्या देशात नीट चालेल का, बिघडली तर तिथे कुणी दुरुस्त करून देईल का, आणि विमानातून व कस्टममधून ती विनाअडथळा जाईल का. या तिन्हींचं उत्तर ‘हो’ आलं तरच किमती ताडून बघण्यात अर्थ आहे.

ढोबळ नियम असा. वस्तू भिंतीतल्या विजेवर, घराच्या जोडण्यांवर किंवा त्या देशाच्या रेडिओलहरींवर जितकी जास्त अवलंबून, तितकी ती तिथेच घ्यावी. बॅटरीवर चालणारी, तुमचा डेटा सांभाळणारी आणि पोचल्या दिवसापासून लागणारी वस्तू सोबत न्यावी. फोन या दोन्हींच्या मध्ये येतो, म्हणून सगळ्यात जास्त तपास त्याचा करावा लागतो.

चार्जरवरची बारीक अक्षरं

घरातल्या प्रत्येक वस्तूचा अ‍ॅडॅप्टर उलटा करून बघा. ‘इनपुट’ या शब्दापुढे १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं छापलेलं असेल तर ती वस्तू जवळपास कुठल्याही देशात चालेल, फक्त भिंतीत जाणारी पिन बदलावी लागेल. लॅपटॉप, फोन, टॅबलेट आणि कॅमेऱ्यांचे चार्जर बहुतेक असेच असतात. पण तिथे नुसतं २२०-२४० किंवा नुसतं १२० असेल, तर ती वस्तू त्याच गटातल्या देशांत राहणार.

देशांचे गट लक्षात ठेवायला सोपे आहेत. युरोप, ऑस्ट्रेलिया, आफ्रिकेचा आणि आशियाचा बराच मोठा भाग २२० ते २४० व्होल्ट आणि ५० हर्ट्झवर चालतो. अमेरिका आणि कॅनडात १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. जपानमध्ये १०० व्होल्ट, आणि तिथे फ्रीक्वेन्सीही देशभर एक नाही. टोकियोच्या बाजूला ५० हर्ट्झ, ओसाकाच्या बाजूला ६०. दक्षिण कोरियात व्होल्टेज २२० पण फ्रीक्वेन्सी ६०. ब्राझीलमध्ये तर शहर बदललं की १२७ चे २२० व्होल्ट होऊ शकतात.

चुकीच्या व्होल्टेजवर काय होतं ते आकड्यात बघितलेलं बरं. हीटिंग कॉइल असलेल्या वस्तूची पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १२० व्होल्टची किटली किंवा हेअर ड्रायर २३० व्होल्टवर लावला तर कॉइल ठरलेल्यापेक्षा साडेतीनपटीहून जास्त पॉवर ओढते. काही सेकंदांत ती जळते, कधी प्लॅस्टिकही पेट घेतं. उलट २३० व्होल्टची २००० वॉटची किटली १२० व्होल्टवर लावली तर जेमतेम साडेपाचशे वॉट मिळतात आणि पाणी उकळायला चौपट वेळ लागतो. धोका नाही, पण उपयोगही नाही.

मग ट्रान्सफॉर्मर घेऊन टाकू, असं अनेकांना वाटतं. ज्या वस्तूसाठी तो घ्यायचा तिच्या वॉटपेक्षा त्याची क्षमता निदान दीडपट हवी, मोटर असेल तर दुप्पट, कारण सुरू होताना मोटर खूप जास्त करंट खेचते. हजार वॉटच्या मिक्सरला पुरेल असा ट्रान्सफॉर्मर कित्येक किलो वजनाचा असतो, चालू ठेवला की गरम होतो आणि गुणगुणत राहतो. शिवाय तो व्होल्टेज बदलतो, फ्रीक्वेन्सी बदलत नाही. ६० हर्ट्झसाठी बनवलेली साधी एसी मोटर ५० वर हळू फिरते आणि जास्त तापते; मायक्रोवेव्हच्या आतला जुन्या पद्धतीचा ट्रान्सफॉर्मरही तसाच तापतो. बाजारात तळहातावर मावणारे, हलके ‘कन्व्हर्टर’ही मिळतात. त्यातले पुष्कळसे फक्त कॉइलवाल्या वस्तूंसाठी असतात. ते विजेची लाट कापून पुढे पाठवतात, आणि अशी कापलेली लाट इलेक्ट्रॉनिक सर्किटला मिळाली तर सर्किट उडतं. म्हणून आमचं मत पक्कं आहे: तापणारी किंवा फिरणारी वस्तू सोबत नेऊच नका. किटली, इस्त्री, मिक्सर, टोस्टर, हेअर ड्रायर, पंखा, व्हॅक्यूम क्लीनर हे सगळं तिथे घ्या. दाढीचं मशीन आणि हेअर स्ट्रेटनर यांचं मात्र लेबल वाचून ठरवा, त्यांत दोन्ही व्होल्टेजवर चालणारे बरेच असतात. इलेक्ट्रिक टूथब्रश नेणार असाल तर त्याचा चार्जिंग स्टँड तपासा. काही स्टँड एकाच व्होल्टेजचे असतात.

पिनेसाठी सगळ्या देशांत चालणारा जाडजूड ठोकळा घेण्यापेक्षा वायर बदलणं चांगलं. लॅपटॉपच्या अ‍ॅडॅप्टरपासून भिंतीपर्यंत जाणारी वायर बहुतेक वेळा सुटी होते. तिचं अ‍ॅडॅप्टरकडचं तोंड तीन पाकळ्यांचं असेल तर त्याचं नाव सी५. आठच्या इंग्रजी आकड्यासारखं असेल तर सी७. मॉनिटर आणि डेस्कटॉपला असतं ते मोठं तोंड सी१३. या तोंडाची, पण त्या देशाच्या पिनेची वायर तिथे कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. फायदा दुहेरी आहे. ठोकळा सॉकेटमध्ये लोंबकळत नाही, आणि अर्थिंग शाबूत राहतं. पुष्कळ ठोकळ्यांमध्ये अर्थची जोडणीच नसते. मग धातूच्या लॅपटॉपवर मनगट टेकलं की बारीक मुंग्या आल्यासारखं वाटतं. अर्थ असलेली वायर लावली की ते थांबतं. ब्रिटिश पिनेच्या आत फ्यूज असतो. लॅपटॉपच्या वायरला ३ अँपिअरचा पुरतो, १३ चा बसवलेला असेल तर बदलून घ्या.

आणखी एक बारीक गोष्ट. एक ठोकळा आणि आपल्या जुन्या पिनांचं एक्स्टेंशन बोर्ड नेलं की पहिल्या आठवड्यात चार चार्जर एकदम चालतात. युक्ती चांगली आहे, पण फक्त फोन-लॅपटॉपच्या चार्जरपुरती. आणि १२० व्होल्टच्या देशातून २३० च्या देशात जाताना सर्ज प्रोटेक्टर (अचानक वाढलेल्या व्होल्टेजपासून वाचवणारा भाग) असलेलं बोर्ड नेऊ नका. २३० व्होल्टलाच तो ‘सर्ज’ समजतो आणि प्लग लावताच आतला भाग जळतो.

फोनचा तपास

फोन चार्ज होईल, वायफायही पकडेल. खरी अडचण नेटवर्कची. एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळ्या अँटेना-जुळणीने बनतो, आणि खोक्यावरचं नाव ते सांगत नाही. मॉडेल नंबर सांगतो. सेटिंगमध्ये ‘अबाउट’ उघडा, तो नंबर उतरवून घ्या, कंपनीच्या साइटवर त्याच नंबरचे एलटीई (म्हणजे फोर-जी) आणि फाइव्ह-जी बँड, म्हणजे फोन पकडू शकतो ते रेडिओलहरींचे पट्टे, बघा, आणि मग तुम्ही जाणार त्या देशातल्या दोन-तीन मोबाइल कंपन्यांच्या बँडशी ते जुळवा.

जुळवताना सगळे बँड सारखे मोजू नका. कमी फ्रीक्वेन्सीच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून आत शिरतात, म्हणून घराच्या आत, तळघरात आणि गावाबाहेर रेंज त्यांच्यामुळेच मिळते. अमेरिकेत हे काम ६०० मेगाहर्ट्झचा बँड ७१ आणि ७०० च्या आसपासचे १२ व १३ करतात. युरोपात ८०० चा बँड २० आणि ७०० चा २८. फोनमध्ये हे नसतील तरी शहराच्या चौकात सगळं झकास चालतं, आणि खोलीत शिरल्यावर रेंज जाते. मग लोक कंपनी बदलत बसतात. फाइव्ह-जीसाठी युरोप आणि आशियात ३.५ गिगाहर्ट्झचा एन७८ महत्त्वाचा. जपानला जाणार असाल तर एन७९ आहे का तेही बघा.

बँड जुळले म्हणजे काम संपलं असं नाही. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्री-जी बंद केलं, ऑस्ट्रेलियात ते २०२४ मध्ये बंद झालं, आणि इतरत्रही होत आहे. त्यामुळे साधा फोन कॉलसुद्धा आता फोर-जीवरून, म्हणजे व्होल्टीने जातो. काही मोबाइल कंपन्या व्होल्टीची परवानगी फक्त आपल्या यादीतल्या मॉडेलना देतात. फोन यादीत नसेल तर इंटरनेट सुसाट चालतं, पण कॉल लागत नाही. आणीबाणीचा कॉलही लागेल याची हमी राहत नाही, म्हणून ऑस्ट्रेलियात असे फोन नेटवर्कवरच घेतले जात नाहीत. उपाय सोपा आहे. डायल पॅडवर *#०६# टाका, पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, दिसेल. मोबाइल कंपन्यांच्या साइटवर तो टाकून फोन चालतो का ते तपासायची सोय बहुतेक ठिकाणी असते. निघण्याआधी, घरबसल्या, पाच मिनिटांत होतं.

काही देशांत बाहेरून आणलेल्या फोनचा आयएमईआय सरकारदरबारी नोंदवावा लागतो आणि त्यावर कर भरावा लागतो. तुर्कस्तानात परदेशी फोन स्थानिक सिमवर नोंदणीविना १२० दिवस चालतो, त्यानंतर बंद पडतो. पाकिस्तान आणि इंडोनेशियातही नोंदणीची पद्धत आहे. अशा देशात जाणार असाल तर नोंदणीची फी आणि तिथल्या नव्या फोनची किंमत शेजारी शेजारी लिहा. जुना किंवा मध्यम किमतीचा फोन असेल तर नोंदणी बहुधा परवडत नाही.

लॉक केलेला, म्हणजे एकाच मोबाइल कंपनीच्या सिमवर चालणारा, फोन नेणं म्हणजे निव्वळ अडचण. करारावर घेतलेला फोन निघण्याआधी अनलॉक करून घ्या, कारण ते काम जुन्या कंपनीकडूनच होतं आणि हप्ते बाकी असतील तर ती करत नाही. तिथे घेणार असाल तर कॅनडात २०१७ पासून आणि ब्रिटनमध्ये २०२१ पासून कंपन्यांना लॉक केलेले फोन विकता येत नाहीत; अमेरिकेत मात्र हप्त्यावरचा फोन लॉक आहे का ते विचारूनच घ्या.

आता सिम. अमेरिकेत विकले जाणारे आयफोन २०२२ च्या १४ मालिकेपासून प्लॅस्टिकचं सिम घेतच नाहीत, फक्त ई-सिम, म्हणजे फोनमध्येच डाउनलोड होणारं सिम, चालतं. चीनच्या मुख्य भूमीत विकल्या जाणाऱ्या बऱ्याच आयफोनचं नेमकं उलट, दोन साधी सिम आणि ई-सिम नाही. हे एवढं महत्त्वाचं का? तर बँकेचे ओटीपी तुमच्या जुन्या नंबरवर येत राहणार आहेत. तिथे जाऊन फक्त ई-सिमचा फोन घेतला आणि जुना नंबर प्लॅस्टिकच्या सिमवर राहिला, तर ते सिम कुठे घालणार? परदेशात बसून जुन्या कंपनीकडून ई-सिम काढून घेणं पुष्कळदा जमतच नाही, कारण ओळख पटवायला दुकानात बोलावतात किंवा त्याच नंबरच्या नेटवर्कवर संदेश पाठवतात. म्हणून तिथे फोन घ्यायचा विचार असेल तर जुना नंबर निघण्याआधीच ई-सिमवर न्या, किंवा जुना फोन त्या सिमसाठी जपून ठेवा. रोमिंग सुरू आहे आणि एसएमएस येतात याची खात्री करा. काही बँकांची अ‍ॅप नवीन फोनवर सुरू करताना त्याच फोनमधल्या सिमवरून एसएमएस पाठवून पडताळणी करतात. हा सोपस्कार मायदेशी असतानाच उरकलेला बरा.

आमचा सल्ला असा: सध्याचा फोन बँड आणि व्होल्टीच्या कसोटीला उतरत असेल तर तोच न्या आणि पहिले दोन-तीन महिने वापरा. उतरत नसेल तरी तो सोबत असू द्या, पण निघायच्या तोंडावर नवा महागडा फोन घेऊ नका, तो तिथे जाऊन घ्या. फोनची वॉरंटी अनेक कंपन्या विकलेल्या देशापुरतीच ठेवतात, आणि फुटलेल्या स्क्रीनचा नेमका त्या मॉडेलचा सुटा भाग दुसऱ्या देशात मिळेलच असं नाही.

लॅपटॉप

लॅपटॉप बहुतेकांनी सोबतच न्यावा. पहिल्या आठवड्यात घराचे करार, बँकेचे अर्ज, कामाची कागदपत्रं सगळं त्याच्यावर होतं. आणि नव्या देशात पोचल्या पोचल्या तिथलं बँक खातं नसतं, पतइतिहास नसल्याने हप्त्यावर काही मिळत नाही, पार्सल मागवायला कायमचा पत्ताही नसतो.

घेताना वॉरंटीचा शब्द नीट वाचा. ‘आंतरराष्ट्रीय’ म्हणजे काही कंपन्यांकडे आपोआप, काहींकडे ठरावीक मालिकांपुरती, काहींकडे मालकी आणि देश बदलल्याची नोंद ऑनलाइन केल्यावरच. अ‍ॅपलच्या मॅकला बहुतेक देशांत सेवा मिळते. इतरांचं मालिकेनुसार बघा. घरी येऊन दुरुस्ती करण्याची जादा सेवा मात्र विकत घेतलेल्या देशापुरती असू शकते, म्हणून तिचे पैसे आधीच भरू नका.

कीबोर्डकडे फार जण दुर्लक्ष करतात. जर्मनीत दुकानातला लॅपटॉप क्वर्ट्झ मांडणीचा असतो, वाय आणि झेड अदलाबदल झालेले. फ्रान्समध्ये अझर्टी, तिथे आकड्यांसाठी शिफ्ट दाबावं लागतं. जपानी कीबोर्डवर स्पेसबार आखूड आणि आजूबाजूला जादा कळा. रोज भरपूर टाइप करणाऱ्याला बोटांची सवय मोडणं जड जातं, म्हणून अशा देशांत जाताना ओळखीच्या कीबोर्डचा लॅपटॉप आधीच घेणं योग्य. दुसरा अडथळा विंडोजचा. काही देशांत स्वस्त लॅपटॉपवर ‘होम सिंगल लँग्वेज’ ही आवृत्ती येते आणि तिची भाषा सहज बदलता येत नाही. तिथे जाऊन घेतलात आणि विंडोज स्थानिक भाषेत निघालं, तर वरची आवृत्ती विकत घ्यावी लागते. ‘सिस्टम’ पानावर आवृत्तीचं नाव दिसतं, पैसे देण्याआधी बघा.

नवा घ्यायचा तर निघण्याच्या चार ते सहा आठवडे आधी घ्या आणि रोज वापरा. मेलेला पिक्सेल, सैल यूएसबी-सी पोर्ट, खरखरणारा पंखा, बॅटरीची अचानक घसरण हे दोष पहिल्या महिन्यात दिसतात आणि तेव्हा बदलून मिळायची मुदत चालू असते. विमानतळाकडे जाताना सीलबंद खोकं घेणारा माणूस ही सवलत फुकट घालवतो.

चार्जर यूएसबी-सी असलेला मिळाला तर फार सोपं. युरोपीय संघात डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनांना आणि एप्रिल २०२६ पासून नव्या लॅपटॉपना यूएसबी-सी चार्जिंग सक्तीचं आहे, त्यामुळे तिथे पर्यायी चार्जर कुठेही सापडतो. लॅपटॉपवर लिहिलेल्या वॉटइतका, उदाहरणार्थ ६५ वॉटचा चार्जर त्या देशाच्या पिनेचा घेतला की फोन, टॅबलेट, लॅपटॉप तिन्ही त्याच्यावर भागतात.

टीव्ही, राउटर आणि बाकीचं

टीव्ही नेऊ नका. अँटेनाचं प्रसारण युरोपात डीव्हीबी-टी पद्धतीने होतं, अमेरिका, कॅनडा, दक्षिण कोरियात एटीएससी, जपान आणि ब्राझीलमध्ये आयएसडीबी-टी, चीनमध्ये डीटीएमबी. एचडीएमआय कुठेही चालेल, पण प्रसारण पकडणारा आतला ट्यूनर चालणार नाही. त्याहून मोठा खर्च वाहतुकीचा. कुरिअर कंपन्या खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त त्याचे पैसे घेतात. आकारमानाचं वजन म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायची. ५५ इंची टीव्हीचं खोकं १४० बाय ८५ बाय १६ धरलं तर ३८ किलो होतात, आत टीव्ही वीसेक किलोचा असला तरी. त्यात पॅनेल तडकायची भीती वेगळी. मॉनिटरचंही हेच, तो व्होल्टेजला चालतो, पण नेण्यालायक नसतो.

राउटर तिथलाच वापरा, बहुधा इंटरनेट कंपनीच देते. वायफायच्या परवानगीच्या लहरी देशागणिक वेगळ्या. अमेरिकेत ६ गिगाहर्ट्झचा ५९२५ ते ७१२५ मेगाहर्ट्झ असा सगळा पट्टा खुला आहे, युरोपात ५९४५ ते ६४२५ एवढाच. बाहेरचा राउटर तिथे वापरला तर तो परवानगी नसलेल्या चॅनेलवर बोलू शकतो, किंवा नेमकी उलट अडचण येते: १२ आणि १३ नंबरच्या चॅनेलवर चालणारं युरोपातलं वायफाय अमेरिकेसाठी बनलेल्या काही उपकरणांना दिसतच नाही. कॉर्डलेस फोनही नेऊ नका. युरोपातले १८८० ते १९०० मेगाहर्ट्झवर चालतात, अमेरिकेतले १९२० ते १९३० वर, आणि दुसऱ्याच्या पट्ट्यात बोलणं बेकायदा ठरतं. झेड-वेव्हची स्मार्ट उपकरणंही अशीच प्रांतवार, युरोपात ८६८.४२ मेगाहर्ट्झ, अमेरिकेत ९०८.४२. झिगबी २.४ गिगाहर्ट्झवर असल्याने ती अडचण त्याला नाही, पण स्मार्ट बल्ब आणि स्विच व्होल्टेजवर अडतात.

प्रिंटर सोडून द्या. काही कंपन्यांची शाईची कार्ट्रिज प्रांतानुसार लॉक असतात, आणि अमेरिका-कॅनडात कागदही ए४ नसून लेटर मापाचा असतो.

गेमचा कन्सोल बहुधा नेता येतो. नवीन कन्सोलचा वीजपुरवठा सहसा १००-२४० चा असतो, तरी मागचं लेबल वाचा. गेम आता बव्हंशी कुठेही चालतात, अडचण येते ती ऑनलाइन खात्याची. प्लेस्टेशनच्या खात्याचा देश नंतर बदलता येत नाही, आणि गेमचा ऑनलाइन घ्यायचा जादा भाग डिस्कच्याच प्रांताचा लागतो. चित्रपटांच्या डीव्हीडी आणि ब्लू-रेला वेगळे प्रांतांक असतात, ते नव्या देशातल्या प्लेअरशी जुळवून बघा.

कॅमेरा बिनधास्त न्या. फक्त ५० हर्ट्झच्या देशातून ६० च्या देशात गेलात, किंवा उलट, तर व्हिडिओत दिव्यांखाली लपलप दिसू लागते. मेन्यूत ५०/६० हर्ट्झची सेटिंग बदला आणि शटर ५० च्या देशात १/५० किंवा १/१००, ६० च्या देशात १/६० किंवा १/१२० ठेवा.

विमान आणि बॅटरी

सुटी लिथियम बॅटरी आणि पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही, ती केबिनमध्येच न्यावी लागते. मर्यादा वॉट-अवरमध्ये मोजतात: १०० पर्यंत सहसा परवानगी लागत नाही, १०० ते १६० साठी विमान कंपनीची मंजुरी आणि जास्तीत जास्त दोन, १६० च्या वर बंदी. पॉवर बँकेवर फक्त एमएएच लिहिलं असेल तर ३.७ ने गुणून हजाराने भागा; २०,००० म्हणजे ७४ वॉट-अवर, २७,००० म्हणजे जेमतेम १०० च्या आत, ३०,००० म्हणजे १११. आकडे पुसलेली पॉवर बँक सुरक्षा तपासणीत काढून घेतली जाते, म्हणून छापील अक्षरं असलेलीच न्या. विमान कंपन्यांचे स्वतःचे नियम याहून कडक असू शकतात, तेही बघा.

लॅपटॉप आणि हार्ड डिस्क केबिनमध्ये ठेवा. डेटाच्या दोन प्रती करा आणि त्या वेगवेगळ्या बॅगेत टाका. डिस्क एन्क्रिप्ट करा, म्हणजे तिच्यावरचा डेटा कुलूपबंद करा, आणि ते कुलूप उघडणारी रिकव्हरी की कागदावर लिहून तिसऱ्या ठिकाणी ठेवा. नव्या देशात नवा फोन नंबर झाल्यावर लॅपटॉपने अचानक ती की मागितली आणि ती फक्त जुन्या नंबरच्या खात्यात असली तर दरवाजा बंद.

कस्टम

राहायला जाणाऱ्या माणसाला वापरलेल्या घरगुती सामानावर पुष्कळ देश ड्युटी माफ करतात, पण ‘वापरलेल्या’ या शब्दाला मुदत असते. युरोपीय संघात सवलतीसाठी तुम्ही संघाबाहेर निदान १२ महिने राहिलेले असायला हवेत, सामान निदान ६ महिने तुमच्या वापरात असायला हवं, आणि आल्यापासून १२ महिन्यांत ते आणायला हवं. पुढचे १२ महिने ते विकता येत नाही. ब्रिटनचे नियम याच धर्तीचे आहेत. अमेरिकेत घरसामानाला एक वर्षाच्या वापराची अट आहे. म्हणजे महागडा कॅमेरा किंवा डेस्कटॉप न्यायचाच असेल, तर तो निघायच्या आदल्या आठवड्यात न घेता कितीतरी आधी घ्यावा, आणि तारखेचं बिल जपावं. तुमच्या वापराचा एक लॅपटॉप-फोन सहसा कुणी अडवत नाही. एकाच मॉडेलचे तीन सीलबंद खोके मात्र व्यापाराचा माल दिसतात.

कॅनडात पहिल्यांदा शिरताना दोन याद्या द्याव्या लागतात, एक सोबतच्या सामानाची आणि एक मागाहून येणाऱ्या सामानाची. दुसऱ्या यादीत नाव नसलेली वस्तू नंतर आली तर सवलत हुकते. यादीत मेक, मॉडेल आणि सीरियल नंबर लिहा. तीच यादी विम्यालाही उपयोगी पडते.

आता किंमत

इथवर आल्यावर ज्या वस्तू दोन्हीकडे घेता येतील अशा उरतात, त्यांचीच किंमत मोजा. हिशोब असा मांडा:

१. दोन्हीकडचा नेमका तोच मॉडेल नंबर घ्या. नाव एक असूनही रॅम, स्टोरेज किंवा प्रोसेसर वेगळा असू शकतो.
२. कर मिळवा. युरोप आणि ऑस्ट्रेलियात दुकानातली किंमत करासह असते, अमेरिका आणि कॅनडात कर काउंटरवर वरून लागतो. अमेरिकेत तो राज्यागणिक बदलतो. ओरेगॉन, डेलावेअर, माँटाना आणि न्यू हॅम्पशायरमध्ये राज्याचा विक्रीकरच नाही.
३. परदेशी कार्डावरचा जादा आकार आणि चलनाचा त्या दिवशीचा दर धरा.
४. नेणार असाल तर जादा सामानाचे पैसे, वायर-पिन आणि लागल्यास ड्युटी मिळवा.
५. वॉरंटी तिथे चालत नसेल तर एका मोठ्या दुरुस्तीचा खर्च मिळवा. बहुतेक वेळा ‘स्वस्त’ पर्याय याच ओळीवर महाग होतो.

फरक दहा टक्क्यांच्या आत आला तर तिथेच घ्या. तिथला ग्राहक कायदा तिथल्या दुकानाला लागू होतो. युरोपीय संघात नव्या वस्तूवर विक्रेत्याची निदान दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी असते, स्पेनमध्ये तीन, आणि ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत कारण न देता परत करता येते. विद्यार्थी असाल तर कॉलेजचं ओळखपत्र हातात आल्यावर मिळणारी सवलतही मोजा. ती बहुधा प्रवेश पक्का झाल्यावरच मिळते. नोव्हेंबरच्या अखेरीस सेल येत असेल आणि वस्तू तातडीची नसेल, तर थांबा.

परत येणं ठरलेलं असेल तर

मुक्काम एक-दोन वर्षांचाच असेल तर तिथे घेताना लेबल पुन्हा वाचा: परत न्यायची वस्तू १००-२४० ची, आंतरराष्ट्रीय वॉरंटीची आणि अनलॉक असावी. बाकी सगळं स्वस्तातलं किंवा जुनं घ्या, कारण ते तिथेच विकायचं आहे. विकण्याची जाहिरात निघण्याच्या महिनाभर आधी टाका. शेवटच्या आठवड्यात भाव पडतो. फोन किंवा लॅपटॉप देताना आधी खात्यातून साइन आउट करा, ‘फाइंड माय’सारखं लॉक काढा आणि मगच फॅक्टरी रीसेट करा. क्रम उलटा झाला तर घेणाऱ्याला तुमचा पासवर्ड विचारणारी स्क्रीन दिसेल, आणि तोवर तुम्ही विमानात असाल.